खतावणी गेली तरी चालेल, रोजकीर्द हवी

फेलोशिपचे पैसे, मेसचं बिल, घरी पाठवलेली रक्कम हे सगळं तुम्ही संगणकावरच्या हिशोबाच्या प्रोग्रॅममध्ये लिहीत असाल, तर एक प्रश्न. उद्या ती फाईल उघडलीच नाही, तर शिल्लक कशावरून ठरवणार? "बॅकअप आहे ना!" हे उत्तर मला नेहमी मिळतं. पण बॅकअप नेमका कशाचा? हा प्रश्न संगणकापेक्षा बराच जुना आहे.

आपल्याकडे हिशोब दोन वह्यांत चाले. रोजकीर्दीत त्या दिवसाचा व्यवहार तारखेनुसार उतरायचा, मग खतावणीत तोच ज्याच्या त्याच्या खात्यावर जायचा. खतावणी भिजली, फाटली, तर रोजकीर्दीवरून पुन्हा मांडता येते. नुसत्या शिलकीच्या आकड्यावरून मात्र रोजकीर्द उभी राहत नाही. 1494 साली व्हेनिसमध्ये छापलेल्या ग्रंथात लुका पाचोली यांनीही कच्ची वही, रोजनामा आणि खातेवही अशा तीन वह्या सांगितल्या आहेत. म्हणजे कल्पना तीच. पेशव्यांच्या रोजकीर्दी टिकल्या, म्हणूनच न्यायमूर्ती रानडे 1900 साली त्यांवर निबंध लिहून त्या काळच्या कारभाराबद्दल बोलू शकले.

वर्ध्यात बसून हे लिहिताना जे. सी. कुमारप्पा आठवणारच. लंडनमध्ये हिशोबतपासनीस म्हणून शिकलेले, कोलंबिया विद्यापीठात सार्वजनिक वित्त अभ्यासलेले कुमारप्पा 1934 मध्ये स्थापन झालेल्या अखिल भारतीय ग्रामोद्योग संघाचं काम इथल्या मगनवाडीतून पाहायचे. त्याच वर्षी बिहारच्या भूकंपानंतर मदतनिधीच्या हिशोबाची जबाबदारीही त्यांच्याकडे आली होती. (आपल्याकडे त्यांचा अर्थविचार वाचतात, हिशोबनीस कुमारप्पा कुणी वाचत नाही. असो.) तपासनीस बेरजेपासून मागे चालत जातो: बेरीज, मग नोंद, मग पावती. बिघडलेली फाईल दुरुस्त करतानाही हेच करायचं असतं.

आता सॉफ्टवेअरकडे येऊ. क्विकन बनवणारी इंट्यूट कंपनी 1983 ची. जुन्या क्विकनची एक 'फाईल' म्हणजे खरं तर एकाच नावाच्या बऱ्याच फाईल असत. कुणी त्यातली मुख्य तेवढीच फ्लॉपीवर घ्यायचं आणि परत आणल्यावर काहीतरी गायब दिसायचं. मायक्रोसॉफ्ट मनीची गोष्ट वेगळी. तिची विक्री 2009 मध्ये थांबली. अशा वेळी बॅकअप शाबूत असतो, पण तो वाचणारा प्रोग्रॅमच संपत चाललेला असतो. म्हणून साध्या मजकुराच्या रूपात एक प्रत काढून ठेवा, ती कुठेही उघडते.

ग्नूकॅशची पहिली पक्की आवृत्ती 1998 ची. त्यात मला ती जुनी रोजकीर्द दिसते. एक्सएमएल स्वरूपात फाईल ठेवली असेल, तर प्रत्येक वेळी सेव्ह करताना आधीची फाईल तारीख-वेळ लावून बाजूला ठेवली जाते. शिवाय एक लॉग फाईल असते, तिच्यात व्यवहारातला प्रत्येक बदल उतरतो. काम चालू असताना लाईट गेली आणि फाईल बिघडली? घाई करू नका. आधी अख्ख्या फोल्डरची प्रत काढा. मग बिघाडाच्या आधीची, सगळ्यात ताजी तारखेची फाईल उघडा आणि त्यानंतरची लॉग फाईल 'रिप्ले' करा. खतावणी पुन्हा मांडली जाते! मात्र लॉगमध्ये फक्त व्यवहार असतात. त्या दरम्यान नवीन खातं उघडलं असेल, तर ते आधी हाताने तयार करावं लागतं.

फाईल 'लॉक' झाल्याचा निरोप आला, तर बहुतेक वेळा बिघाड नसतो. मागच्या वेळी प्रोग्रॅम अर्धवट बंद पडलेला असतो, एवढंच. फक्त ती दुसरीकडे कुठे उघडी नाही ना, ते बघून घ्या.

दोन गोष्टी मात्र लोक विसरतात. ह्या तारखेच्या फाईली मूळ फाईलशेजारीच बसतात, त्यामुळे हार्ड डिस्क गेली की मूळही जातं आणि बॅकअपही. दुसरं, ग्नूकॅशमध्ये एसक्यूलाईट निवडलं, तर तारखेच्या प्रती तयारच होत नाहीत, त्या तुम्हाला स्वतः काढाव्या लागतात. बॅकअप चालतो का, हे तपासायचं तर तो दुसऱ्या संगणकावर उघडा, बँकेचं पासबुक शेजारी ठेवा आणि शिल्लक कुठल्या तारखेपर्यंत जुळते ते पाहा. जिथे जुळणं थांबतं, तिथून पुढे एकेक नोंद पावतीशी लावत चला.