बुलढाणा ते परळ : गर्भाशयमुखाच्या कर्करोगावरील केमोचा इतिहास

स्त्रियांच्या कर्करोगावर औषधाने मात करता येते, हे १९५६ मध्ये प्रथम दिसले. यल्लाप्रगडा सुब्बाराव यांच्या देखरेखीखाली लेडर्लेच्या प्रयोगशाळेत तयार झालेले मेथोट्रेक्सेट देऊन मिन चिऊ ली आणि रॉय हर्ट्झ यांनी अमेरिकेत वारेच्या पेशींतून उद्भवणारा कोरिओकार्सिनोमा बरा केला. १९७८ मध्ये सिस्प्लॅटिनला मान्यता मिळाली आणि बीजांडकोशाच्या कर्करोगाचे उपचार पालटले.

ग्रामीण महाराष्ट्रात मात्र बायकांना सर्वाधिक ग्रासणारा कर्करोग गर्भाशयमुखाचा होता. १९८७ मध्ये बार्शीला सुरू झालेल्या कर्करोग नोंदणीतून हे स्पष्ट झाले. अंगावरून पांढरे जाणे हे बाईच्या नशिबी असायचेच, अशी समजूत; त्यामुळे ‘पिशवीचा कॅन्सर’ बहुधा रक्त जाऊ लागल्यावरच, बराच पसरल्यावर उघडकीस येई. उपाय एकच, शेक म्हणजे किरणोपचार. मलकापूर, नांदुरा, शेगाव ही स्थानके मुंबई-नागपूर लोहमार्गावरची. त्यामुळे बुलढाण्याकडच्या रुग्णांना १९४१ मध्ये परळला उघडलेल्या टाटा रुग्णालयाची वाट सरळ होती; दादरची गाडगे महाराज धर्मशाळा अशा रुग्णांचा आसरा.

१९९९ मध्ये पाश्चात्त्य चाचण्यांनी शेकासोबत सिस्प्लॅटिन देण्याची शिफारस पुढे आणली. पण तिसऱ्या टप्प्यातल्या, रक्त कमी असलेल्या, गरीब बायकांना ते सोसेल का? परळच्या डॉक्टरांना पडलेला हा प्रश्न अगदी रास्त होता. औषध मूत्रपिंडावर घाव घालते. म्हणून आधी रक्तातले क्रिएटिनिन तपासायचे, मग सलाईनच्या बाटल्या, मग औषध, पुन्हा सलाईन, आणि लघवी पुरेशी होते का यावर नजर. असे दर आठवड्याला, शरीराच्या पृष्ठभागाच्या चौरस मीटरमागे ४० मिलिग्रॅम.

२००३ ते २०११ या काळात टाटाच्या श्यामकिशोर श्रीवास्तव आणि सहकाऱ्यांनी तिसऱ्या टप्प्याच्या ८५० रुग्णांवर चाचणी घेतली. पाच वर्षांनी नुसत्या शेकाच्या गटातल्या ४६ टक्के, तर केमोची जोड मिळालेल्या ५४ टक्के स्त्रिया हयात होत्या. २०१८ मध्ये प्रसिद्ध झालेला हा निष्कर्ष म्हणजे महाराष्ट्रातले मोठे वैद्यकीय काम आहे. त्याच वर्षी टाटाच्याच सुदीप गुप्ता यांच्या चाचणीने दाखवले, की आधीच्या टप्प्यांतही केमो देऊन मग शस्त्रक्रिया करण्यापेक्षा केमोसह शेक रोग परतण्यापासून अधिक राखतो.

दरम्यान बुलढाण्याकडच्या रुग्णांची उपचारांची वाट आखूडही झाली. अकोल्याचे संत तुकाराम रुग्णालय खामगाव-शेगावच्या आवाक्यात आहे. देऊळगाव राजा, सिंदखेड राजाकडून जालन्यामार्गे छत्रपती संभाजीनगरचे (पूर्वीचे औरंगाबाद) शासकीय कर्करोग रुग्णालय गाठता येते. २०१३ च्या अखेरीस राजीव गांधी जीवनदायी आरोग्य योजना राज्यभर लागू झाली, आणि २०१७ पासून ती महात्मा जोतिराव फुले यांच्या नावाने ओळखली जाते. मान्यताप्राप्त रुग्णालयांतल्या केमो व शेकाचा खर्च तिच्यात बसतो.