पीएचपीमधील समाविष्ट फाईल्स आणि सामाईक चले : एक ऐतिहासिक अभ्यास
(वऱ्हाडातील संगणक-शिक्षण व मराठी विकिपीडियाच्या संदर्भात)

सारांश

पीएचपी या संगणकभाषेत एका फाईलमध्ये दुसरी फाईल समाविष्ट केली असता दोहोंमधील चले सामाईक होतात. ही सोय भाषेच्या लोकप्रियतेला कारणीभूत ठरली, तशीच ती अनेक दोषांचे मूळही ठरली. प्रस्तुत शोधनिबंधात या सोयीचा १९९५ पासूनचा इतिहास मांडला असून, मराठी विकिपीडियाच्या मराठी भाषेच्या फाईलचे उदाहरण विशेषत्वाने तपासले आहे. अमरावती व अकोला परिसरातील पदवी वर्गांच्या अध्यापनासाठी त्यातून काय घेता येईल, याचाही विचार केला आहे.

बीजशब्द : पीएचपी, इन्क्लूड, चल, व्याप्ती, मीडियाविकी, मराठी विकिपीडिया

प्रस्तावना

अमरावती विद्यापीठाची स्थापना १ मे १९८३ रोजी झाली. आज संत गाडगेबाबा अमरावती विद्यापीठ या नावाने ओळखल्या जाणाऱ्या या विद्यापीठाच्या कार्यक्षेत्रात अमरावती, अकोला, यवतमाळ, बुलडाणा व वाशीम हे पाच जिल्हे येतात. येथील बी.सी.ए., बी.एस्सी. व एम.सी.ए.च्या विद्यार्थ्यांचे प्रकल्प पाहिले असता प्रवेश अर्ज, ग्रंथालय, शुल्क, निकाल असे विषय वारंवार आढळतात आणि त्यांतील बरेचसे पीएचपीमध्ये लिहिलेले असतात. ही भाषा विनामूल्य आहे, साध्या संगणकावर चालते आणि पहिल्याच दिवशी पडद्यावर काहीतरी दाखविते. विद्यार्थी पानाचा वरचा भाग एका फाईलमध्ये, खालचा भाग दुसऱ्या फाईलमध्ये ठेवतो आणि 'इन्क्लूड' या आज्ञेने ते जोडतो. येथवर सर्व सुरळीत असते.

अडचण पुढे येते. एका प्रकल्पातील उदाहरण येथे नोंदविणे उपयुक्त ठरेल. मुख्य फाईलमध्ये साठ विद्यार्थ्यांची यादी छापणारे आवर्तन होते व त्याच्या मोजणीसाठी 'आय' नावाचे चल वापरले होते. प्रत्येक विद्यार्थ्याच्या नावाखाली शुल्काचे तीन हप्ते छापण्यासाठी दुसरी फाईल समाविष्ट केली होती. ती फाईल दुसऱ्या मित्राने लिहिलेली. त्यानेही हप्ते मोजण्यासाठी 'आय' हेच नाव घेतले. परिणामी पहिल्या विद्यार्थ्याचे हप्ते छापून होताच 'आय'चे मूल्य ४ झाले, मुख्य आवर्तनाने त्यात एक मिळविला आणि एकदम पाचवा विद्यार्थी छापला गेला. त्याचे हप्ते छापल्यावर मूल्य पुन्हा ४, आणि पुन्हा पाचवाच विद्यार्थी. ठरलेली कालमर्यादा संपून आज्ञावली थांबेपर्यंत हाच क्रम चालू राहिला. "सर, मशीन बिघडली," असे विद्यार्थ्यांचे म्हणणे होते. मशीन बिघडलेली नव्हती. दोन्ही फाईल्स स्वतंत्रपणे अचूक होत्या. चूक होती ती त्यांच्या एकत्र येण्यात. दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या क्रमांकाचा विद्यार्थी यादीतून नाहीसा झाला आणि तसे सांगणारा एकही संदेश पडद्यावर आला नाही. येथे तो सराव होता. हीच यादी शिष्यवृत्तीची असती, तर तिघांचे व सहाव्यापासून पुढच्या सर्वांचे नाव राहिले असते.

भाषेने असे होऊ का दिले, हा प्रस्तुत निबंधाचा मूळ प्रश्न आहे. त्याचे उत्तर तंत्रात जेवढे आहे, तेवढेच इतिहासात आहे.

अभ्यासाची उद्दिष्टे

१) समाविष्ट फाईल्समधील सामाईक चलांच्या संकल्पनेचा उगम व विकास अभ्यासणे.
२) मराठी भाषेशी संबंधित प्रत्यक्ष उदाहरणाद्वारे तिचे कार्य स्पष्ट करणे.
३) अध्यापनाच्या दृष्टीने निष्कर्ष काढणे.

अभ्यासपद्धती

प्रस्तुत अभ्यासासाठी ऐतिहासिक व विश्लेषणात्मक पद्धतीचा अवलंब केला आहे.

विवेचन

१. पूर्वपीठिका

माहिती सामाईक ठेवण्याचा प्रश्न पीएचपीपेक्षा बराच जुना आहे. १९५८ मधील फोरट्रान-२ या भाषेत 'कॉमन' नावाची सोय होती. निरनिराळे उपकार्यक्रम स्मृतीचा एकच भाग वापरू शकत. मात्र तेथे चलाच्या नावाला महत्त्व नसून क्रमाला होते. एका ठिकाणी क्रम बदलला व दुसरीकडे तो बदलायचा राहिला, तर वजनाच्या जागी उंची वाचली जाई. १९६० च्या आल्गोल भाषेने आज्ञांच्या गटाला स्वतःची हद्द दिली. त्या हद्दीत घोषित केलेले चल बाहेर दिसत नसे. यालाच आपण चलाची 'व्याप्ती' म्हणतो. १९७२ मध्ये डेव्हिड पार्नास यांनी आज्ञावलीच्या प्रत्येक विभागाने आपली अंतर्गत माहिती झाकून ठेवावी, असे प्रतिपादन केले. पुढच्याच वर्षी विल्यम वुल्फ व मेरी शॉ यांनी सार्वत्रिक चले घातक आहेत, अशी थेट मांडणी केली. म्हणजेच पीएचपी जन्माला येण्यापूर्वी वीस वर्षे या धोक्याची जाणीव विद्वानांना होती.

२. पीएचपीचा उदय

मूळचे ग्रीनलंडचे असलेले रासमुस लेरडॉर्फ यांनी १९९४ मध्ये स्वतःच्या संकेतस्थळासाठी काही छोटी साधने तयार केली व ८ जून १९९५ रोजी ती सर्वांसाठी खुली केली. 'पर्सनल होम पेज' हे त्यांचे नावच त्यांचा हेतू सांगते. मोठ्या संस्थेचा कारभार चालविणे हा तो हेतू नव्हता. एका माणसाचे एक पान सांभाळणे, एवढाच होता. एका माणसाच्या घरात सर्व डब्यांना झाकणे लावावी लागत नाहीत. पुढे इस्रायलमधील अँडी गटमन्स व झीव सुरास्की या विद्यार्थ्यांनी भाषेची नव्याने बांधणी केली. तिसरी आवृत्ती जून १९९८ मध्ये व चौथी मे २००० मध्ये प्रसिद्ध झाली. घर वाढत गेले, राहणारे वाढले. डब्यांची रीत मात्र पहिलीच राहिली.

३. 'इन्क्लूड'चा नियम

सी भाषेतही 'इन्क्लूड' आहे. परंतु तेथे संकलनापूर्वीच मजकूर जोडला जातो. पीएचपीमध्ये ही क्रिया आज्ञावली चालू असताना घडते. तिचा नियम असा की, ज्या ओळीवर फाईल समाविष्ट होते, त्या ओळीवर उपलब्ध असलेली सर्व चले त्या फाईलला मिळतात आणि त्या फाईलने निर्माण केलेली वा बदललेली चले पुढच्या ओळींना मिळतात. फाईलला स्वतःची हद्द नसते. हद्द असते ती फलनाला. फलनाबाहेरील चल फलनात हवे असल्यास 'ग्लोबल' हा शब्द लिहून ते मागून घ्यावे लागते.

या दोन नियमांच्या संयोगातून दुसरी अडचण उद्भवते. मुख्य फाईलमध्ये थेट समाविष्ट केलेली मांडणीची फाईल व्यवस्थित चालते. तीच समाविष्ट करण्याची ओळ फलनात हलविली की, तिची चले त्या फलनापुरती मर्यादित होतात व बाहेर रिकामी जागा दिसते. फाईलचे एक अक्षरही बदललेले नसते. बदललेली असते ती तिला बोलावण्याची जागा. समाविष्ट फाईलमध्ये लिहिलेली फलने व वर्ग मात्र कोठूनही बोलावल्यास सार्वत्रिकच होतात. हा भेद विद्यार्थ्यांना न सांगितल्यास त्यांचा गोंधळ होणे स्वाभाविक आहे.

४. विश्वासाकडून कराराकडे

प्रारंभीच्या पीएचपीमध्ये 'रजिस्टर ग्लोबल्स' अशी सोय होती. तिच्यामुळे वाचकाने पत्त्याच्या पट्टीत लिहिलेले नाव व मूल्य आपोआप सार्वत्रिक चल बनत असे. समाविष्ट फाईल 'मुख्य फाईलने मार्गाचे चल आधीच भरले असेल' या विश्वासावर लिहिलेली असे. परंतु ती फाईलही संकेतस्थळाच्याच कपाटात असल्याने कोणीही ती थेट उघडू शकत असे. तसे केल्यास मुख्य फाईल मध्ये येत नसे व मार्गाचे चल परका माणूस भरत असे. त्यात दूरच्या संगणकाचा पत्ता टाकला की, तेथील आज्ञा आपल्या संगणकावर चालू लागत. आपसात वाटून घेण्यासाठी उघडे ठेवलेले दार चोरालाही उघडेच होते.

यावरील उपाय क्रमाक्रमाने आले. डिसेंबर २००१ मधील ४.१ आवृत्तीने बाहेरून आलेल्या माहितीसाठी स्वतंत्र 'सुपरग्लोबल' चले दिली. एप्रिल २००२ मधील ४.२ आवृत्तीत जुनी सोय मुळातच बंद ठेवलेली असे. जून २००९ मधील ५.३ मध्ये ती त्याज्य ठरली आणि मार्च २०१२ मधील ५.४ मध्ये पूर्णतः काढून टाकली गेली. एका सोयीला निरोप देण्यास दहा वर्षे लागली, कारण तिच्यावर असंख्य चालू संकेतस्थळे उभी होती. ५.३ मध्ये नामावकाशही आले. पण ते वर्ग, फलने व स्थिरांक यांच्या नावांना लागू आहेत, चलांना नाहीत. नोव्हेंबर २०२० मधील आठव्या आवृत्तीपासून अस्तित्वात नसलेले चल वाचल्यास सौम्य सूचनेऐवजी इशारा मिळतो. असे असले, तरी समाविष्ट फाईलचा मूळ नियम आजही तोच आहे. वर सांगितलेला पाचवा विद्यार्थी आजच्या आवृत्तीतही पुन्हा पुन्हा छापला जाईल.

५. मराठी विकिपीडियाचे उदाहरण

मराठी विकिपीडियाचा प्रारंभ १ मे २००३ रोजी झाला. विकिपीडिया ज्या आज्ञावलीवर चालतो, ती मीडियाविकी ही पीएचपीमध्ये लिहिलेली आहे. तिचे आधीचे पीएचपी रूप माग्नुस मान्स्के यांनी लिहिले व ते जानेवारी २००२ मध्ये वापरात आले; त्याच वर्षी जुलैमध्ये ली डॅनियल क्रॉकर यांची नवी बांधणी लागू झाली. तीत सार्वत्रिक चलांच्या नावापूर्वी 'डब्ल्यूजी' ही दोन अक्षरे जोडण्याची प्रथा पडली. भाषेने हद्द दिली नाही म्हणून लेखकांनी नावालाच कुंपण घातले, असे तिचे वर्णन करता येईल.

मराठीसाठी मीडियाविकीत स्वतंत्र फाईल आहे. 'सदस्य', 'चर्चा', 'साचा', 'वर्ग', 'सहाय्य', 'विशेष' ही मराठी वाचकाच्या परिचयाची नामविश्वे तिच्यात एका चलात नोंदविली आहेत. इंग्रजी अंकांऐवजी देवनागरी अंक दाखविणारा तक्ताही दुसऱ्या चलात आहे. ही फाईल कोणाला काही परत देत नाही. ती केवळ चले भरून ठेवते. ती वाचण्याचे काम २०१० मध्ये प्रसिद्ध झालेल्या १.१६ आवृत्तीपासून एका फलनाकडे आहे. ते फलन भाषेची फाईल स्वतःच्या हद्दीत समाविष्ट करते, ठराविक नावांचीच चले उचलते व बाकीची सोडून देते. फलन संपताच ती हद्दही संपते. म्हणून मराठीच्या फाईलमधील चल हिंदीच्या फाईलमधील त्याच नावाच्या चलावर आदळत नाही. फलनाने स्वतःच्या चलांच्या नावाआधी अधोरेषाही लावली आहे, जेणेकरून भाषेच्या फाईलमधील नाव चुकूनही त्यांना धक्का लावणार नाही. वर्गातील दोन मित्रांच्या 'आय'ला जे हवे होते, ते नेमके हेच.

या दक्षतेचा लाभ भाषेला झाला. शब्द सुचविणाऱ्या मराठी भाषकाला आज्ञावलीचे अंतरंग ठाऊक असण्याची गरज उरली नाही. २०१४ मध्ये मीडियाविकीतील अनुवादित संदेश पीएचपी फाईल्समधून काढून जेसन या साध्या मजकुराच्या स्वरूपात नेण्यात आले. जेसनच्या फाईलमध्ये आज्ञा नसतात, केवळ माहिती असते. त्यामुळे तिच्यातून कोणाचेही चल बदलणे शक्य नसते. विस्तार जोडण्याची रीतही २०१५ च्या १.२५ आवृत्तीपासून याच दिशेने बदलली. सामाईक जागेवरील विश्वासाकडून लेखी करारापर्यंतचा हा प्रवास एका मराठी संकेतस्थळाच्या पोटात घडला, ही बाब आपल्या अभ्यासक्रमात यावयास हवी.

६. अध्यापनाच्या दृष्टीने

वऱ्हाडातील विद्यार्थी बहुधा शेतकरी कुटुंबातून येतो. त्याला सामाईक विहीर ठाऊक असते. विहीर सर्वांची असली, तरी पाण्याची पाळी ठरलेली असते. धुरा कोणाचा, हे दोन्ही शेजाऱ्यांना माहीत असते. भांडण विहिरीमुळे होत नाही, पाळी न ठरविल्यामुळे होते. चलांचेही असेच आहे. म्हणून वर्गात पुढील क्रम उपयुक्त ठरतो. प्रथम दोन फाईल्सचे एकाच नावाचे चल मुद्दाम आदळू द्यावे व परिणाम डोळ्यांनी पाहू द्यावा. नंतर तीच फाईल फलनातून समाविष्ट करून हद्द कशी बदलते, हे दाखवावे. शेवटी, समाविष्ट फाईलने चले मोकळी न सोडता एकच मूल्य परत द्यावे व मुख्य फाईलने ते आपल्या पसंतीच्या नावाने स्वीकारावे, ही पद्धत शिकवावी. पीएचपीमध्ये चलाला देवनागरी नावही देता येते, हे येथे आवर्जून सांगावे. 'विद्यार्थी_क्रमांक' आणि 'हप्ता_क्रमांक' अशी नावे देणारा विद्यार्थी दोहोंची गल्लत सहसा करीत नाही.

निष्कर्ष

१) समाविष्ट फाईल्समधील चले सामाईक असणे हा पीएचपीच्या एकट्या माणसासाठी झालेल्या जन्माचा वारसा आहे, त्याकडे निव्वळ चूक म्हणून पाहणे अन्यायाचे ठरेल.
२) भाषेने बाहेरच्या माहितीचे दार २००१ ते २०१२ या काळात टप्प्याटप्प्याने बंद केले, आतील फाईल्समधील दार मात्र उघडेच असून त्याची राखण लेखकाने करावयाची आहे.
३) मीडियाविकीतील मराठी भाषेची फाईल हे मर्यादित हद्दीत सामाईक चले सुरक्षितपणे वापरता येतात, याचे उत्तम उदाहरण आहे.
४) पदवी स्तरावर 'इन्क्लूड'ची केवळ आज्ञा न शिकविता तिचा इतिहास व व्याप्तीचा नियम एकत्र शिकविणे आवश्यक आहे.

आपले विद्यार्थी उद्या ज्या कार्यालयांत काम करतील, तेथे बहुधा दुसऱ्याने लिहिलेल्या जुन्या फाईल्स त्यांच्या हाती येतील. त्या फाईलमधील नाव कोणी भरले, कोण बदलू शकतो आणि ते कोठवर टिकते, हे तीन प्रश्न विचारण्याची सवय त्यांना लागली, तर यादीतील दुसऱ्या, तिसऱ्या व चौथ्या क्रमांकाचा विद्यार्थी वगळला जाणार नाही.