एकच नाव, तीन उत्तरे : नावावरून पत्ता शोधण्याचा इतिहास

१/ आजचा धागा गिरगावातून सुरू होऊन संगणकाच्या पोटात शिरणार आहे. लॅमिंग्टन रोडवर उभे राहून एखाद्या दुकानदाराला 'डॉ. दादासाहेब भडकमकर मार्ग कुठे आहे?' असे विचारा. तो क्षणभर गोंधळेल, कारण त्याचे दुकान त्याच मार्गावर आहे. लॉर्ड लॅमिंग्टन १९०३ ते १९०७ या काळात मुंबईचे गव्हर्नर होते. त्यांचे नाव पाटीवरून गेले, पण लोकांच्या तोंडून गेले नाही. एल्फिन्स्टन रोड स्थानक जुलै २०१८ मध्ये प्रभादेवी झाले, तरी जुने प्रवासी अजून जुनेच नाव घेतात. नावावरून पत्ता शोधताना मिळणारे उत्तर आपण कोणाला आणि केव्हा विचारतो, यावर अवलंबून असते.

२/ हे मला पुस्तकात नव्हे, एका फजितीत उमगले. आम्ही तिघे सहाध्यायी गिरगाव ते लालबाग या पट्ट्यातील रस्त्यांच्या जुन्या-नव्या नावांची सूची संगणकावर तयार करत होतो. प्रत्येक नोंदीखाली मूळ कागदपत्राचा दुवा होता आणि तो जिवंत असेल तरच 'पडताळले' असा शिक्का उमटत असे. हा शिक्का मारणाऱ्या आज्ञावलीसाठी आम्ही एक चाचणी लिहिली : अस्तित्वात नसलेल्या संकेतस्थळाचे नाव दिले, तर उत्तर 'सापडले नाही' असेच आले पाहिजे.

३/ गिरगावला घरी चाचणी उत्तीर्ण झाली. दादरच्या एका वाचनालयात वायफायवर तीच चाचणी नापास झाली. लालबागला मित्राच्या मोबाइलवरून पुन्हा उत्तीर्ण! आज्ञावलीतले एक अक्षरही बदललेले नव्हते. मग प्रश्न पडला, आतापर्यंत आम्ही मारलेल्या शिक्क्यांवर विश्वास कसा ठेवायचा? पडताळणी जागेगणिक बदलत असेल, तर तिला पडताळणी म्हणता येत नाही. म्हणून या व्यवस्थेचा इतिहास शोधायला बसले.

४/ इंटरनेटच्या आधीच्या अर्पानेट जाळ्यात प्रत्येक संगणकाला क्रमांक असे आणि माणसांच्या सोयीसाठी नाव. सगळी नावे 'होस्ट्स.टीएक्सटी' या एकाच यादीत असत. कॅलिफोर्नियातील स्टॅनफर्ड रिसर्च इन्स्टिट्यूटमध्ये एलिझाबेथ फाइनलर यांच्या नेतृत्वाखालील माहिती केंद्र ती यादी सांभाळत असे आणि बाकीचे तिची प्रत उतरवून घेत. नोंदवही एक, उत्तर एक. मात्र जाळे वाढले तशी यादी फुगली, आणि प्रत हाती येईपर्यंत तिच्यातील काही नोंदी शिळ्या झालेल्या असत.

५/ नोव्हेंबर १९८३ मध्ये पॉल मॉकापेट्रिस यांनी यावर तोडगा मांडला : डोमेन नेम सिस्टिम, म्हणजे डीएनएस. एका नोंदवहीऐवजी अनेक नोंदवह्या आणि प्रत्येक क्षेत्राची जबाबदारी त्या क्षेत्राकडे. एकदा मिळालेले उत्तर ठराविक मुदतीपर्यंत जवळ साठवून ठेवण्याची मुभाही दिली गेली. १९८७ साली या व्यवस्थेचे सुधारित मानक आले. त्यानंतर १९८९ साली भारताला 'डॉट इन' हे क्षेत्र मिळाले. त्याची नोंदवही सुरुवातीला आपल्या मुंबईतील नॅशनल सेंटर फॉर सॉफ्टवेअर टेक्नॉलॉजीकडे होती. या संस्थेचे मूळ कुलाब्याच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत आहे.

६/ या विकेंद्रीकरणामुळे इंटरनेट वाढू शकले. परंतु त्यामुळेच 'हे नाव कुठे राहते?' या प्रश्नाला उत्तर देणारे साक्षीदारही अनेक झाले. पहिला साक्षीदार तुमच्या संगणकातील स्थानिक यादी, म्हणजे त्या जुन्या होस्ट्स यादीचीच वंशज. दुसरा, तुमच्या जाळ्याचा उत्तरदाता. तिसरा, मुदत न संपलेले साठवणीतील उत्तर. 'लोकलहोस्ट', म्हणजे 'मी स्वतः', या साध्या नावालाही एका यंत्रावर १२७.०.०.१ हा जुन्या पद्धतीचा पत्ता आधी मिळतो, तर दुसऱ्यावर नव्या पद्धतीचा. 'पहिले उत्तर अमुकच असेल' असे गृहीत धरणारी चाचणी अशा वेळी यंत्र बदलताच कोसळते.

७/ आमच्या फजितीचे कारण दुसऱ्या साक्षीदाराकडे निघाले. सार्वजनिक वायफायवर नोंदणी पूर्ण होईपर्यंत कोणतेही नाव विचारले, तरी बऱ्याचदा त्या जाळ्याच्या प्रवेशपानाचाच पत्ता मिळतो. परळचे घर विचारले काय किंवा चंद्रावरचे, द्वारपाल आपल्याच खोलीकडे बोट दाखवणार!

८/ हे याहून कितीतरी मोठ्या प्रमाणावर एकदा घडून गेले आहे. १५ सप्टेंबर २००३ रोजी 'डॉट कॉम' आणि 'डॉट नेट'ची नोंदवही सांभाळणाऱ्या व्हेरिसाइन कंपनीने 'साइट फाइंडर' सुरू केले. अस्तित्वात नसलेल्या प्रत्येक नावाला कंपनी स्वतःच्या शोधपानाचा पत्ता देऊ लागली. त्या दोन क्षेत्रांत 'सापडले नाही' हे उत्तरच जणू नाहीसे झाले. पाठवणाऱ्याचे क्षेत्र खरे आहे का, हे तपासून नकोशी पत्रे अडवणाऱ्या चाळण्या निकामी झाल्या. जगभरातून निषेध झाला, आयकॅन या नियामक संस्थेने दटावले, तेव्हा ४ ऑक्टोबर रोजी हा प्रकार थांबला.

९/ चाचणीसाठी सुरक्षित नावे हवीत, ही जाणीव त्याआधीच झालेली होती. जून १९९९ मध्ये 'टेस्ट', 'एक्झाम्पल', 'इनव्हॅलिड' आणि 'लोकलहोस्ट' ही चार शेवटपदे कायमची राखून ठेवण्यात आली. ती कोणालाही विकली जाणार नाहीत, अशी हमी मिळाली. जानेवारी २०१० मध्ये १९२.०.२ ने सुरू होणाऱ्या पत्त्यांसह तीन पत्तासमूह केवळ उदाहरणांसाठी राखले गेले.

१०/ ज्यांनी हे पाळले नाही, त्यांचे काय झाले? अनेक प्रोग्रामर आपल्या खासगी चाचण्यांसाठी 'डॉट डेव्ह' हे शेवटपद बिनदिक्कत वापरत. ते कोणाचेच नाही, असा त्यांचा समज होता. पुढे ते गूगलला मिळाले. डिसेंबर २०१७ मध्ये क्रोमच्या ६३व्या आवृत्तीने या शेवटपदाची सर्व नावे केवळ सुरक्षित जोडणीनेच उघडण्याचा नियम लावला आणि घरोघरच्या चाचणी-नावांची दारे एका रात्रीत बंद झाली. मोकळ्या भूखंडावर परवान्याविना झोपडी बांधावी आणि एके दिवशी मालक हजर व्हावा, तसे हे झाले.

११/ या इतिहासात आपल्या लिपीचेही एक पान आहे. लॅटिनेतर लिप्यांतील नावे मुळात चालतात का, हे पाहण्यासाठी ऑक्टोबर २००७ मध्ये डीएनएसच्या मुळाशी अकरा चाचणी-नावे बसवली गेली. त्यांतील हिंदीसाठीचे शेवटपद होते 'परीक्षा', आणि पूर्ण नाव 'उदाहरण.परीक्षा'! काम संपल्यावर ही नावे काढून घेण्यात आली. पुढे ऑगस्ट २०१४ मध्ये देवनागरी 'डॉट भारत' खुले झाले. त्यात मराठीचाही समावेश आहे.

१२/ नावाच्या संदिग्धतेशी टपाल खात्यानेही झुंज दिली आहे. एकाच नावाची अनेक गावे आणि एका नावाची अनेक लेखने, यांमुळे पत्रे भलतीकडे जात. संस्कृत कवी आणि टपाल खात्यातील अधिकारी श्रीराम भिकाजी वेलणकर यांनी यावर पिनकोड सुचवला. १५ ऑगस्ट १९७२ पासून तो अमलात आला. गिरगाव ४००००४, परळ ४०००१२. पाकिटावर नाव कोणत्याही भाषेत असो, हे सहा अंक बदलत नाहीत.

१३/ आम्ही शेवटी काय केले, ते सांगते. आज्ञावली नाव कोणाला विचारते, हा भाग वेगळा काढला. चाचणीच्या वेळी खऱ्या जाळ्याच्या जागी आमचीच छोटी यादी बसवली : हे नाव, हा पत्ता, हे नाव, 'सापडले नाही'. नावे 'डॉट टेस्ट'ची आणि पत्ते राखीव समूहातले घेतले. राखीव नावाला मालक नसतो हे खरे, पण वायफायचा द्वारपाल त्यालाही खोटे उत्तर देऊ शकतो. म्हणून स्वतःची यादी अपरिहार्य. अनेक पत्ते मिळाले तर त्यांचा क्रम न पाहता केवळ समूह जुळतो का, एवढेच तपासले.

१४/ खऱ्या जाळ्याला विचारणारी तपासणी टाकून दिली नाही. ती वेगळी ठेवली, मुद्दाम चालवण्यापुरती. ती नापास झाली, तर आधी जाळ्याकडे पाहायचे आणि मग आज्ञावलीकडे. 'पडताळले' या शिक्क्याशेजारी आता तारीख आणि कोणत्या जाळ्यावरून पाहिले, हेही नोंदवले जाते. दादरला मारलेले सारे शिक्के पुसून आम्ही ते काम पुन्हा केले. त्यात दोन रविवार गेले.

१५/ इतिहासाच्या पहिल्याच वर्गात शिकवतात, साधन काय सांगते हे पाहण्याआधी ते कोणाचे, कुठले आणि केव्हाचे ते विचारा. बखर आणि समकालीन पत्र यांना आपण एका तराजूत तोलत नाही. संगणकाचे उत्तर मात्र आपण निमूटपणे खरे मानतो. तेही एका साक्षीदाराचेच म्हणणे असते.

१६/ तुमच्या घरातली वडीलधारी माणसे कोणत्या रस्त्याला अजून जुन्याच नावाने हाक मारतात? खाली लिहा, सोबत ते नाव कोणाकडून आणि कोणत्या काळातले ऐकले, तेही लिहा. आमच्या सूचीत तो रकाना आता सक्तीचा आहे.