नागपुरातील भूखंड-व्यवहार आणि मध्यस्थाचा लेखी शब्द : एक ऐतिहासिक अभ्यास

प्रस्तावना

नागपूर शहराच्या इतिहासाचा विचार प्रामुख्याने राजकीय अंगाने केला जातो. गोंड राजा बख्त बुलंद शाह याने अठराव्या शतकाच्या प्रारंभी केलेली शहराची स्थापना, भोसल्यांची राजवट, १८६१ मध्ये निर्माण झालेला मध्य प्रांत, १९५६ मध्ये गेलेले राजधानीपद आणि १९६० मधील महाराष्ट्राची निर्मिती हे या इतिहासाचे परिचित टप्पे होत. परंतु शहर ज्या जमिनीवर वाढले, ती एका हातातून दुसऱ्या हातात कशी गेली आणि या व्यवहारात विकणारा व घेणारा यांच्यामध्ये उभा राहिलेला मध्यस्थ नेमके काय सांगत होता, या प्रश्नाकडे पुरेसे लक्ष गेलेले नाही.

'दलाल' हा शब्द मराठीत अरबी-फारसीतून आला. त्याचा मूळ धातू 'दाखवणे, वाट दाखवणे' या अर्थाचा आहे. म्हणजे दलाल हा मुळात दाखवणारा माणूस होय. त्याने काय दाखवले आणि काय झाकले, यावरच पुढे या शब्दाची प्रतिष्ठा घसरत गेली. जमिनीच्या बाजारात मध्यस्थाच्या शब्दाला जे मूल्य असते, ते त्याच्या वक्तृत्वामुळे येत नाही. तो शब्द सार्वजनिक नोंदीशी ताडून पाहता येतो की नाही, यावर ते ठरते, हे नागपूरच्या इतिहासाच्या आधारे दाखवणे हे प्रस्तुत निबंधाचे उद्दिष्ट आहे. या व्यवसायात नव्याने येणाऱ्या तरुणाने ग्राहकापुढे काय मांडावे, या व्यावहारिक प्रश्नाचे उत्तरही याच इतिहासात सापडते.

मालगुजारीपासून सुधार प्रन्यासापर्यंत

भोसलेकालीन नागपूर महाल, इतवारी, बुधवारी, शुक्रवारी अशा पेठांमधून वसले. १८६७ मध्ये रेल्वे आली आणि १८७७ मध्ये जमशेटजी टाटा यांची एम्प्रेस मिल सुरू झाली. प्रांताची राजधानी असल्यामुळे कचेऱ्या, न्यायालये आणि महाविद्यालये वाढली. नोकरदार, वकील, शिक्षक आणि गिरणी कामगार यांना निवाऱ्यासाठी जागा हवी होती. भोवतालच्या खेड्यांची जमीन मात्र मालगुजारांच्या ताब्यात होती. १८६० च्या दशकातील जमाबंदीने मालगुजारांना मालकी हक्क दिले आणि ते हक्क १९५० च्या कायद्याने संपुष्टात येईपर्यंत टिकले. अशा परिस्थितीत जागा घेऊ पाहणाऱ्याला मालगुजार, त्याचा कारभारी आणि पटवारी यांना ओळखणारा माणूस लागे. ही ओळख हेच त्या काळातील मध्यस्थाचे भांडवल होते.

१९३६ च्या कायद्याने नागपूर सुधार प्रन्यास अस्तित्वात आला. जमीन संपादन करणे, रस्ते व गटारे आखणे आणि तयार झालेले भूखंड भाडेपट्ट्याने देणे असे त्याचे कार्य होते. प्रन्यासाच्या योजनेत भूखंडाची ओळख नकाशावरील क्रमांकाने पटे. घेणाऱ्याला मालकाशी ओळख असण्याची गरज नव्हती. नागपूरच्या भूव्यवहारातील हे एक महत्त्वाचे स्थित्यंतर होते. परंतु प्रन्यासाच्या योजना आणि शहराची गरज यांत कायम अंतर राहिले. ते अंतर भरून काढण्यासाठी खाजगी अभिन्यास, म्हणजेच नागपूरकरांच्या तोंडी रुळलेले 'ले-आऊट', पुढे आले. शहरातील अनेक वस्त्यांच्या नावात हा शब्द कायमचा जाऊन बसला आहे, यावरूनच त्याची व्याप्ती लक्षात यावी.

कायदा होता, परंतु मध्यस्थ त्याच्या बाहेर होता

या काळात कायद्याचा अभाव होता असे म्हणता येणार नाही. १८७२ च्या करार अधिनियमात अभिकर्त्याची कर्तव्ये सांगितलेली आहेत. १८८२ च्या मालमत्ता हस्तांतरण अधिनियमाने मालमत्तेतील व मालकी हक्कातील महत्त्वाचे दोष उघड करण्याची जबाबदारी विक्रेत्यावर टाकली. केवळ विक्रीच्या कराराने मालमत्तेत कोणताही हक्क निर्माण होत नाही, असेही हाच अधिनियम सांगतो. १९०८ च्या नोंदणी अधिनियमाने स्थावर मालमत्तेच्या दस्तांची नोंद व तिची सूची शुल्क भरून कोणालाही पाहता येईल अशी तरतूद केली. सारांश, खरे-खोटे पडताळण्याची साधने शंभर वर्षांहून अधिक काळ उपलब्ध आहेत.

तथापि, करार अधिनियमाचा अभिकर्ता आपल्या मालकाला बांधलेला असतो. समोरच्या ग्राहकाला त्याने काय सांगावे, याबाबत त्याच्यावर स्वतंत्र व स्पष्ट बंधन नव्हते. महाराष्ट्रात १९६३ च्या सदनिका मालकी कायद्याने प्रवर्तकाला मालकी हक्काची संपूर्ण व खरी माहिती देणे बंधनकारक केले. परंतु हा कायदा सदनिकांपुरता होता. मोकळ्या भूखंडाची विक्री आणि ती घडवून आणणारा मध्यस्थ हे दोन्ही त्याच्या कक्षेबाहेर राहिले. नागपूरची वाढ तर प्रामुख्याने मोकळ्या भूखंडांवर होत होती. येथील सामान्य नोकरदाराची पहिली पसंती सदनिकेला नव्हती. आधी प्लॉट घ्यावा, पुढे सवडीने घर बांधावे, अशीच त्याची रीत होती. त्यामुळे कायद्यातील ही पोकळी इतर शहरांपेक्षा नागपूरला अधिक जाणवली.

अनधिकृत अभिन्यासांचा धडा

शहराच्या सीमेवरील शेतजमिनीचे तुकडे पाडून ते भूखंड म्हणून विकण्याचे प्रकार विसाव्या शतकाच्या उत्तरार्धात मोठ्या प्रमाणावर घडले. यांपैकी अनेक विक्री गृहनिर्माण सहकारी संस्थांच्या नावाने झाल्या. अनेक ठिकाणी जमीन अकृषक झालेली नव्हती आणि अभिन्यासाला मंजुरीही नव्हती. १९७६ च्या नागरी जमीन कमाल धारणा कायद्याची टांगती तलवारही होती. हा कायदा महाराष्ट्रात २००७ पर्यंत लागू होता. घेणाऱ्याच्या हाती कधी वाटपपत्र, कधी बयाणापत्र, तर कधी आममुखत्यारपत्र पडे. रक्कम हप्त्याहप्त्याने भरली जाई. रस्ता, गटार आणि वीज यांची आश्वासने तोंडी राहत.

येथे मध्यस्थाच्या भाषेचे स्वरूप पाहणे उद्बोधक ठरते. भूखंडाच्या जाहिरातीत बसस्थानकापासूनचे अंतर, नियोजित रस्ता, हप्त्याची सोय आणि जागा दाखवण्यासाठी मोफत वाहन यांना ठळक स्थान मिळते. मौजा, खसरा क्रमांक व पटवारी हलका क्रमांक बारीक अक्षरात येतात, किंवा येतही नाहीत. वास्तविक, पडताळणी करता येईल अशी माहिती याच बारीक अक्षरात असते. अंतर व सोयी या गोष्टी ग्राहकाला स्वतःच्या डोळ्यांनी पाहता येतात. मालकी, अकृषक परवानगी, आरक्षण आणि मंजुरी या गोष्टी त्याला दिसत नाहीत. जे ग्राहकाला दिसत नाही तेच दाखवणे हे मध्यस्थाचे खरे काम होते आणि नेमके तेच झाले नाही.

याचा परिणाम शहराने अनेक दशके भोगला. नागपुरात '५७२ अभिन्यास' आणि '१९०० अभिन्यास' हे शब्दप्रयोग सर्वसामान्यांच्याही तोंडी आहेत. अनधिकृत अभिन्यासांच्या नियमितीकरणाच्या दीर्घ प्रक्रियेतून ते रूढ झाले. महाराष्ट्र गुंठेवारी विकास अधिनियम, २००१ याने १ जानेवारी २००१ पूर्वीच्या अशा भूखंडांना प्रशमन शुल्क व विकास शुल्क भरून नियमित होण्याची वाट मोकळी केली. २०२१ मधील दुरुस्तीने ही मुदत ३१ डिसेंबर २०२० पर्यंत पुढे नेण्यात आली. म्हणजे ज्याने भूखंडाची किंमत एकदा चुकवली होती, त्यालाच तो वैध करून घेण्यासाठी पुन्हा रक्कम भरावी लागली. जमीन विकणारा आणि विक्री घडवून आणणारा हे दोघेही तोवर आपापला मोबदला घेऊन व्यवहारातून बाहेर पडलेले होते. २०११ मध्ये सर्वोच्च न्यायालयाने सूरज लॅम्प प्रकरणात मुखत्यारपत्राच्या आधारे झालेल्या विक्रीने मालकी हक्क मिळत नाही, हे नि:संदिग्धपणे सांगितले. त्यानंतर अशा कागदांवर विसंबलेल्या कुटुंबांची चिंता वाढली.

येथे एक बाब आवर्जून नोंदवली पाहिजे. प्रत्येक मध्यस्थ अप्रामाणिक होता, असा निष्कर्ष काढणे इतिहासाला धरून होणार नाही. शहराची अधिकृत व्यवस्था पुरेसे भूखंड देऊ शकत नव्हती, त्या काळात अल्प उत्पन्नाच्या माणसाला स्वतःची जागा मिळाली ती बहुधा याच मार्गाने. अनेक मध्यस्थांनी स्वतःही त्याच अभिन्यासात भूखंड घेतले. दोष व्यक्तीइतकाच रचनेचा होता. चुकीच्या शब्दाची किंमत तो उच्चारणाऱ्याला चुकवावी लागत नव्हती.

२०१६ नंतरचे स्थित्यंतर

या रचनेत मूलभूत बदल घडवला तो स्थावर संपदा (विनियमन व विकास) अधिनियम, २०१६ याने. १ मे २०१७ पासून तो पूर्णतः अमलात आला. ५०० चौरस मीटरपेक्षा अधिक जमिनीवर पाडलेल्या भूखंडांचे प्रकल्पही या कायद्याच्या कक्षेत आले. मध्यस्थाला नोंदणी सक्तीची झाली आणि त्याने घडवून आणलेल्या प्रत्येक विक्रीत नोंदणी क्रमांक नमूद करणे बंधनकारक ठरले. या अधिनियमातील मध्यस्थाची व्याख्या विशेष अर्थपूर्ण आहे. मोबदला घेऊन कोणत्याही माध्यमातून विकणारा व घेणारा यांची गाठ घालून देणारा माणूस तीत येतो. त्यामुळे वर्तमानपत्रातील जाहिरात, हस्तपत्रक किंवा भ्रमणध्वनीवरील संदेश असा भेद उरत नाही. तोंडी, लेखी किंवा दृश्य स्वरूपात केलेले खोटे विधान ही अनुचित प्रथा ठरते. ग्राहकाला हक्काची माहिती व कागदपत्रे मिळवून देण्यास साहाय्य करणे हे मध्यस्थाचे कर्तव्य ठरते.

महारेराने २०२३ मध्ये मध्यस्थांसाठी प्रशिक्षण व सक्षमता प्रमाणपत्र आवश्यक केले आणि त्याची पहिली परीक्षा मे २०२३ मध्ये घेतली. १ ऑगस्ट २०२३ पासून प्रकल्पाच्या जाहिरातीत क्यूआर कोड देणेही बंधनकारक झाले. जाहिरात पाहणारा माणूस त्याद्वारे थेट प्रकल्पाच्या नोंदीपर्यंत पोहोचू शकतो. जाहिरात आणि नोंद यांच्यातील जे अंतर नागपूरकरांनी अनेक दशके सोसले, ते मिटवण्याचा हा प्रयत्न होय.

नवोदित मध्यस्थासाठी इतिहासाचा बोध

मिहान प्रकल्प, २०१९ मध्ये सुरू झालेली मेट्रो आणि समृद्धी महामार्ग यांमुळे नागपूरच्या भोवतालच्या जमिनीला मागणी वाढली आहे. २०१७ मध्ये महानगर प्रदेश विकास प्राधिकरणाची स्थापना झाल्याने शहराबाहेरील मोठ्या क्षेत्रासाठी स्वतंत्र नियोजन प्राधिकरणही आले. अशा वेळी या व्यवसायात येणाऱ्या तरुणापाशी जुन्या मध्यस्थाप्रमाणे ओळखीचे भांडवल नसते. त्याला आपला विश्वास लिहून आणि समजावून सांगूनच मिळवावा लागतो. त्याने काय लिहावे, याचे उत्तर वरील विवेचनातून पुढे येते.

पहिली गोष्ट परिभाषेची. 'आर.एल.' ही दोन अक्षरे नागपूरच्या बाजारात सर्रास वापरली जातात. मंजूर अभिन्यासातील भूखंड मुक्त केल्याचे पत्र आणि अनधिकृत अभिन्यासातील भूखंड नियमित केल्याचे पत्र या दोन्हींसाठी ती योजली जातात. या दोन पत्रांमागचा इतिहास सर्वस्वी भिन्न आहे. हा फरक सोप्या मराठीत समजावून सांगणारा मध्यस्थ ग्राहकाच्या अधिक उपयोगी पडतो. सातबारा आणि आखीव पत्रिका, नझूल भाडेपट्टा आणि पूर्ण मालकी, बयाणापत्र आणि नोंदणीकृत विक्रीपत्र यांमधील फरकही याच प्रकारचे आहेत.

दुसरी गोष्ट स्थानिक ज्ञानाची. २३ सप्टेंबर २०२३ रोजी काही तासांत १०० मिलिमीटरहून अधिक पाऊस झाला, अंबाझरी तलाव ओसंडून वाहिला आणि नाग नदीकाठच्या अंबाझरी ले-आऊटसारख्या वस्त्यांत पाणी शिरले. तलावाचा शेजार हा एरवी जागेचा गुण मानला जातो. एखादा भूखंड नाल्याच्या पात्रालगत आहे काय, विकास आराखड्यात त्यावर आरक्षण आहे काय, हे सांगितल्याने एखादे गिऱ्हाईक जाईल. परंतु सांगणाऱ्याची पत वाढेल.

तिसरी गोष्ट मर्यादेची. मध्यस्थाने जे तपासले ते तपासले म्हणून सांगावे आणि जे तपासले नाही त्यासाठी ग्राहकाला वकिलाकडे किंवा दुय्यम निबंधकाच्या कार्यालयाकडे पाठवावे. नियोजित रस्त्याला तयार रस्ता म्हणू नये. किमती वाढतीलच, अशी हमी देऊ नये.

निष्कर्ष

नागपूरच्या भूव्यवहाराचा इतिहास पाहता मध्यस्थाच्या शब्दाचे तीन टप्पे दिसतात. पहिल्या टप्प्यात तो ओळखीवर चालला. दुसऱ्या टप्प्यात तो जाहिरातीत उतरला, परंतु नोंदीपासून तुटला आणि त्याची भरपाई सामान्य घरांनी केली. तिसऱ्या टप्प्यात कायद्याने त्याला पुन्हा नोंदीशी जोडले आहे. तथापि, कायदा खोटे बोलणाऱ्याला शिक्षा करू शकतो. खरे समजावून सांगण्याची सवय मात्र व्यवसायालाच लावून घ्यावी लागते. खसरा क्रमांक बारीक अक्षरातून ठळक अक्षरात येईल, तेव्हा 'दाखवणारा' हा दलालाचा मूळ अर्थ काही प्रमाणात सार्थ होईल. आयुष्याची पुंजी एका भूखंडात घालणाऱ्या कुटुंबाच्या दृष्टीने हा बदल अक्षरांच्या आकारापुरता नाही. दुसऱ्यांदा किंमत चुकवावी लागेल की नाही, हे त्यावर ठरणार आहे.