मारबेकच्या शिवारातला दगड

दुसऱ्या महायुद्धातली ब्रिटिशांची ‘धरणफोड’ मोहीम अनेकांना चित्रपटामुळे ठाऊक आहे. मला मात्र जर्मनीतल्या मारबेक गावाच्या शिवारातलं एक लहानसं स्मारक अधिक बोलकं वाटतं. ते आहे शत्रूच्या विमानातल्या सात जणांचं.

१६ मे १९४३च्या रात्री १९ लँकेस्टर बॉम्बफेकी विमानं इंग्लंडहून निघाली. रडारला चकवण्यासाठी ती झाडांच्या शेंड्यांलगत उडत होती. बिल अ‍ॅस्टेलच्या विमानाला हीच खबरदारी भोवली. मध्यरात्रीनंतर मारबेकजवळ ते विजेच्या मनोऱ्यावर आदळलं, पेटलं आणि शेतात कोसळलं. पाठोपाठ पिंपाएवढा बॉम्ब फुटला. सातही जण गेले. अ‍ॅस्टेल अवघा २३ वर्षांचा होता. जवळच असलेल्या संत जोसेफच्या पुतळ्याला मात्र काही झालं नाही!

त्या रात्री ८ विमानं परतली नाहीत, ५३ वैमानिक व सहकारी मेले. म्योने आणि एडर ही धरणं फुटली. पुरात सुमारे १,६०० माणसं बुडाली. त्यांतली निम्म्याहून अधिक होती जर्मनांनी आणलेली परदेशी वेठबिगार माणसं. नेहाइमच्या छावणीत तर रशिया-युक्रेनकडच्या शेकडो बायका कोंडलेल्या होत्या. हिटलरवर टाकलेल्या बॉम्बने हिटलरचेच कैदी मेले. विजयाच्या कथेत हे सहसा सांगितलं जात नाही, याची मला खंत वाटते.

अ‍ॅस्टेल धरणापर्यंत पोहोचलाच नाही. पोहोचता, तर पुराचं पाणी आणखी कुणाकुणाच्या घरात शिरलं असतं, हे मारबेककरांना कळत नव्हतं थोडंच? तरीही त्यांच्या शिवारात तो दगड उभा राहिला. ते सात जण राइश्सवाल्डच्या युद्धस्मशानात विसावले आहेत.