द्राक्षाचा घड आणि माणसाचं रक्त

गेल्या शनिवारी काही कामानिमित्त मांजरीला जाणं झालं. तिथे राष्ट्रीय द्राक्ष संशोधन केंद्राची पाटी दिसली. मी मूळचा यवतमाळचा, कापसाच्या मुलखातला. द्राक्षांशी संबंध खाण्यापुरताच. पण घरी येऊन सहज वाचायला बसलो आणि अख्खा रविवार त्यातच गेला!

निर्यातीच्या द्राक्षांत कीटकनाशकाचे अंश किती आहेत, यासाठीची देशाची संदर्भ प्रयोगशाळा या केंद्रात आहे. ज्या औषधाला वेगळी मर्यादा ठरलेली नाही, त्याला युरोपात सरसकट किलोमागे ०.०१ मिलिग्रॅम चालतं. म्हणजे दहा कोटी भागांत एक. आपल्या भाषेत सांगायचं तर दहा कोटी ओळींच्या लॉग फाइलीत एकच ओळ शोधायची. आपण 'ग्रेप' वापरतो (कोटी चुकून झाली!), रसायनवाले अधिशोषक वापरतात.

अधिशोषक म्हणजे काय? चहाची गाळणी आकार बघते, अधिशोषक स्वभाव बघतो. त्याच्या पृष्ठभागाला काही रेणू चिकटतात, बाकीचे पुढे निघून जातात. फ्रिजमध्ये ठेवलेला कोळसा वास धरतो, तसंच.

मिखाइल त्स्वेत या वनस्पतिशास्त्रज्ञाने विसाव्या शतकाच्या सुरुवातीला काचेच्या नळीत खडूची पूड भरून वरून पानांचा अर्क ओतला, तेव्हा हिरवे-पिवळे पट्टे वेगवेगळे झाले. १९७८ मध्ये वॉटर्स कंपनीने सिलिका भरलेली छोटी तयार नळी बाजारात आणली. नमुना ओता, हवं ते धरून ठेवा, मग योग्य द्रावकाने सोडवून घ्या. २००३ मध्ये अनास्तासियादेस, लेहोटे आणि सहकाऱ्यांनी 'कॅचर्स' पद्धत मांडली. तिच्यात डाव उलटा आहे. फळाचा लगदा द्रावक आणि क्षारांबरोबर हलवायचा आणि वरच्या द्रवात अधिशोषकाची चिमूटभर पूड टाकायची. ती साखर आणि आम्लं, म्हणजे कचरा धरते. औषध द्रवातच राहतं आणि यंत्राला स्वच्छ नमुना मिळतो. स्वस्त आणि झटपट.

इथवर वाचून मी खूश होतो. मग २०१७ आठवलं.

त्या वर्षी पावसाळ्यात आणि नंतर यवतमाळ जिल्ह्यात कापसावर फवारणी करताना शेकडो शेतकरी-शेतमजुरांना विषबाधा झाली. वीसहून जास्त माणसं गेली. पऱ्हाटी डोक्याच्या वर वाढलेली, पाठीवर पंप, तोंडाला फार तर रुमाल. दोन-तीन औषधं एकत्र करून मारलेली. नोव्हेंबरमध्ये सरकारने पाच औषधांच्या विक्रीवर साठ दिवसांची बंदी घातली. प्रोफेनोफॉस-सायपरमेथ्रिनचं मिश्रण आणि मोनोक्रोटोफॉस त्यात होतं, तसं डायफेंथियुरॉन आणि फिप्रोनिलही.

मेख इथेच आहे. मोनोक्रोटोफॉससारख्या ऑर्गॅनोफॉस्फेट विषावर अॅट्रोपिन देतात. डायफेंथियुरॉन किंवा फिप्रोनिलवर खास उताराच नाही, लक्षणं बघून उपचार करायचे. म्हणजे पोटात किंवा रक्तात नेमकं काय गेलंय, हे डॉक्टरला कळणं गरजेचं. कोलिनेस्टेरेजची साधी रक्ततपासणी ऑर्गॅनोफॉस्फेटचा अंदाज देते. तिचीही सोय तेव्हा तिथल्या सरकारी रुग्णालयात नव्हती, असं बातम्यांत आलं होतं. पुढची पायरी, म्हणजे रक्तातून विष वेगळं काढून त्याचं नाव सांगणं, ही तर दूरचीच गोष्ट.

कुणी म्हणेल, असल्या तपासणीचा निकाल येईपर्यंत रुग्ण थांबत नाही. खरंय, उपचार आधीच सुरू करावे लागतात. पण पहिल्या दहा रुग्णांच्या रक्तात काय सापडलं हे कळलं, तर अकराव्याचा उपचार बदलू शकतो.

तंत्र होतं, त्याच राज्यात होतं. द्राक्षांसाठी ते उभं राहिलं, कारण घड परत आला तर पैसे बुडतात. फवारणाऱ्या माणसाचं रक्त तपासा, असा आग्रह धरणारं गिऱ्हाईकच नव्हतं.

असो. पुढच्या वेळी द्राक्षं धुताना मला पऱ्हाटी आठवणार, एवढं नक्की.