‘नेव्हर’च्या पोटातच ‘नाही’ : इंग्रजीतील आवृत्तिदर्शक शब्दांचा नेमका वापर

सुरत जिल्ह्यातील पलसाणा तालुका मुंबई-अहमदाबाद महामार्गालगत वसला आहे. कडोदरा, चलथाण या भागांत कापडाच्या रंगाई-छपाईचे कारखाने आहेत. तापी लोहमार्गाने खानदेशातून आलेली अनेक मराठी कुटुंबे सुरत परिसरात स्थिरावली. अशा घरात मराठी किंवा अहिराणी, बाजारात गुजराती, कामावर हिंदी बोलली जाते. नोकरीच्या अर्जात मात्र इंग्रजी लागते. या चौथ्या भाषेत एखादी गोष्ट किती वेळा घडते हे सांगणारा शब्द चुकला, तर अर्जदाराचे म्हणणे उलटे होऊन बसते.

सर्वांत मोठी अडचण ‘कधीच’ या शब्दाची. मराठीत ‘कधीच’बरोबर ‘नाही’ यावेच लागते. हिंदीत ‘कभी नहीं’, गुजरातीत ‘क्यारेय नहीं’ आणि कोकणीतही ‘केन्नाच ना’. त्यामुळे ‘मी कधीच उशिरा येत नाही’ हे सांगताना ‘आय डोन्ट नेव्हर कम लेट’ असे सहज लिहिले जाते. प्रमाण इंग्रजीत ‘नेव्हर’मध्ये नकार सामावलेला असतो, दुसरा नकार पहिल्याला खोडतो. ‘आय नेव्हर कम लेट’ एवढेच पुरेसे आहे. ‘सेल्डम’, ‘रेअरली’ आणि ‘हार्डली’ यांनाही हाच नियम लागू. त्यांतही ‘हार्डली’ फसवा. ‘ही वर्क्स हार्ड’ म्हणजे तो कष्ट करतो. ‘ही हार्डली वर्क्स’ म्हणजे तो जवळजवळ कामच करत नाही. शिफारसपत्रात ही गफलत झाली, तर स्तुतीची निंदा होते.

दुसरा प्रश्न जागेचा. हे शब्द मुख्य क्रियापदाच्या आधी, पण ‘ॲम’, ‘इज’, ‘आर’ यांच्या नंतर येतात : ‘वी ऑलवेज क्लीन द मशीन’, परंतु ‘द मशीन इज ऑलवेज क्लीन’. साहाय्यक क्रियापद असल्यास त्याच्या पाठोपाठ : ‘वी हॅव ऑलवेज क्लीन्ड इट’. ‘साफ करत असतो’ या मराठी रचनेतील ‘असतो’ मनात घोळत राहिल्याने ‘वी आर ऑलवेज क्लीन’ अशी मोडकी रचना तयार होते. ती सुधारून ‘ही इज ऑलवेज कमिंग’ या वळणाने लिहिले, तर वेगळाच सूर लागतो. ‘ऑलवेज’सह चालू काळ इंग्रजीत बहुतेकदा त्रासिक तक्रारीचा असतो. मुलाखतीत ‘आय ॲम ऑलवेज वर्किंग नाइट शिफ्ट’ म्हणणारा उमेदवार उत्साह सांगू पाहतो आणि कुरकुर ऐकवतो.

नकाराची जागाही तपासावी. ‘द गेट इज नॉट ऑलवेज लॉक्ड’ म्हणजे फाटकाला कधी कुलूप असते, कधी नसते. ‘द गेट इज नेव्हर लॉक्ड’ म्हणजे ते कधीच नसते. सुरक्षेच्या नोंदवहीत या दोन वाक्यांवरून वेगवेगळी कारवाई होईल.

मराठी व्याकरणात ‘नेहमी’ हा सातत्यदर्शक, तर ‘वारंवार’ हा आवृत्तिदर्शक शब्द मानला जातो. इंग्रजी शालेय व्याकरण दोन्ही एकाच गटात घालते. बोलताना मात्र आपला ‘नेहमी’ बराच सैल असतो. महिन्यातून दोनदा दांडी मारणाराही ‘मी नेहमी वेळेवर येतो’ म्हणतो. तिथे ‘ऑलवेज’ नव्हे, ‘यूज्वली’ हवे. ‘यूज्वली’साठी ‘बहुधा’ हा प्रतिशब्द वापरणेही आता धोक्याचे, कारण आजच्या मराठीत त्याचा अर्थ प्रामुख्याने ‘कदाचित’कडे झुकला आहे. ‘सामान्यतः’ किंवा ‘एरवी’ बरे.

‘एव्हरी डे’, ‘ट्वाइस अ वीक’ असे निश्चित गणती सांगणारे शब्दसमूह सामान्यपणे वाक्याच्या शेवटी जातात. दिवसाआड म्हणजे ‘एव्हरी अदर डे’. ‘बायवीकली’ शक्यतो टाळावा : त्याचा अर्थ आठवड्यातून दोनदा असाही होतो आणि दोन आठवड्यांतून एकदा असाही. पंधरवड्याने मिळणाऱ्या पगारासाठी ‘फोर्टनाइटली’ लिहावे.